देशी जनावर पूजेने टिकेल की हिशेबाने?

‘देशी गोवंश’ हे शब्द आज जितके कानावर पडतात, तितकी देशी जनावरे गोठ्यात दिसत नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा दिला आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दर दिवशी ५० रुपये अनुदान जाहीर केले. पण २०१९ ची पशुगणना वेगळेच सांगते. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली देशी गुरे सुमारे ६ टक्क्यांनी घटली आणि संकरित व विदेशी गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात तर एकूण गुरांचीच संख्या सुमारे १० टक्क्यांनी खाली आली. ज्या राज्यात गोवंशाचे सर्वाधिक कौतुक चालते, त्याच राज्यात तो इतक्या वेगाने कमी का होतो?

मित्रांनो, हा विषय निघाला की आपण मुस्लिम तरुण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर गप्प बसतो, कारण बोलणे धोक्याचे वाटते. नाही तर ‘आमच्या ताटात काय असावे हे तुम्ही कोण ठरवणार’ एवढेच बोलतो. दुसरा मुद्दा घटनेच्या चौकटीत महत्त्वाचाच आहे. पण प्रश्न ताटापुरता ठेवला की शेतकरी त्यातून बाहेर पडतो, जनावर बाहेर पडते आणि उरतो फक्त हिंदू-मुस्लिम वाद. मला या लेखात शेतकरी आणि जनावर या दोघांना परत आत आणायचे आहे.

मी सांगली जिल्ह्यातला. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, हेडी होते. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवणारी जी पिढी होती, त्यातले ते एक. खरसुंडीची यात्रा, सांगोल्याचा बाजार ही त्यांची शाळा. मी पुढे पशुसंवर्धनाची पदविका घेतली आणि आज आटपाडी, जत भागातल्या गोठ्यांत जाणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे पुढचे म्हणणे भावनेपेक्षा गोठ्यातल्या हिशेबावर जास्त उभे आहे.

आपलीच जनावरे, दुसऱ्यांच्या कुरणात

सुरुवात आमच्याच कृष्णाकाठापासून करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी आणि आसपासच्या लोकांनी एक भारी बैल तयार केला. कृष्णेकाठची काळी, चिकट जमीन नांगरायला हलक्या बैलाचे बळ पुरत नव्हते. म्हणून गीर, ओंगोल, कांकरेज आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून ‘कृष्णा व्हॅली’ ही जात घडवली गेली. पुढे ट्रॅक्टर आला, ऊस आला, वाटण्या होऊन शेते लहान झाली. एवढे मोठे जनावर पोसणे परवडेना. आज ही जात शोधावी लागते, आणि सांगली-मिरजेच्या कॉलेजात शिकणाऱ्या बहुतेक मुलांनी तिचे नावही ऐकलेले नसते.

पण तिचे रक्त संपलेले नाही, ते अमेरिकेत आहे. टेक्सास आणि मेक्सिकोच्या आखाताजवळच्या भागात युरोपी गुरांना उन्हाळा आणि गोचीड सहन होत नव्हते. म्हणून १८५४ पासून १९२६ पर्यंत तिथल्या लोकांनी भारतीय वंशाची गुरे मिळवली. एकूण जनावरे तीनशेहूनही कमी. गीर, कांकरेज, नेल्लोरचे ओंगोल आणि कृष्णा व्हॅली यांच्यापासून त्यांनी ‘ब्राह्मन’ नावाची जात घडवली. १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना उभी राहिली आणि नोंदवही सुरू झाली. आज उष्ण प्रदेशात कुरणावर चरून मांसासाठी वाढणाऱ्या गुरांमध्ये ब्राह्मनचे नाव जगभर घेतले जाते. ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग तर तिच्यावरच चालतो.

ब्राझीलची गोष्ट याहून मोठी. आंध्रातल्या ओंगोल गुरांना तिकडे नेल्लोर जिल्ह्यावरून ‘नेलोरे’ म्हणतात. भारतातून गेलेल्या काही हजार जनावरांपासून तिथे एवढा विस्तार झाला, की वीस कोटींहून अधिक गुरांच्या त्या देशात मांसासाठी पाळलेल्या कळपांत बहुतांश नेलोरेचे रक्त आहे. ती मुख्यतः गवतावरच वाढतात. आणि ब्राझील हा हलाल गोमांसाचा जगातला मोठा निर्यातदार आहे. रत्नागिरी, रायगडचे आपले भाऊबंद दुबईत किंवा दोह्यात जे मांस विकत घेतात, त्यातले कित्येक जनावर मुळात आंध्रच्या बैलाचे वंशज असते.

ब्राझीलचे सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. कुरणासाठी तिथे ॲमेझॉनचे जंगल तोडले गेले, आजही तोडले जाते. रवंथ करणारी जनावरे मिथेन सोडतात, त्याचा हवामानावर परिणाम होतो. ‘गवतावर वाढवलेले’ म्हटले की सगळे पाप धुतले जाते असे नाही. मुद्दा एवढाच, की जात टिकली ती तिला बाजार होता म्हणून. वासरू जन्मल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत ते कोणाला तरी परवडत होते.

ब्रिटनमध्येही हाच धडा शिकावा लागला. १९०० ते १९७३ या काळात तिथल्या शेतीतल्या २६ देशी जाती नामशेष झाल्या. १९७३ मध्ये ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’ स्थापन झाला आणि त्यानंतर तशी एकही जात गेली नाही. त्यांनी नोंदवह्या ठेवल्या, वीर्य साठवले, प्रदर्शने भरवली. पण त्याबरोबर एक उलटी वाटणारी गोष्टही लोकांना पटवली: या जातींचे मांस लोकांनी विकत घेतले, तरच शेतकरी त्यांच्या गाई पुढच्या वर्षी फळवतील. लाँगहॉर्न, हायलँड, व्हाइट पार्क अशी जुनी जनावरे आज तिथे संवर्धनाच्या माळांवर चरतात, गवत आटोक्यात ठेवतात आणि शेवटी चांगल्या भावाने विकली जातात. खुराकावर लवकर फुगणाऱ्या जातींशी ती वेगात बरोबरी करू शकत नाहीत. पण कमी प्रतीच्या गवतावर, उघड्यावर, कमी खर्चात वाढणे हेच त्यांचे बळ आहे.

आपल्या देशी जातींचे बळही तेच आहे. अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसात टिकणारी, तेलकट कातडीची डांगी, नांदेडची लाल कंधारी, लातूर-उदगीरची देवणी, वर्धा-नागपूरची गवळाऊ, आणि आमच्या दुष्काळी माणदेशाची खिल्लार. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतावर आणि कडब्यावर जगण्यासाठी शेकडो वर्षांत घडलेली ही जनावरे आहेत.

शेवटची विक्री म्हणजे काय

आता गोठ्यातला हिशेब पाहू. खिल्लार गाय दूध थोडेच देते. ती पाळण्याचे खरे कारण तिच्या पोटी येणारा खोंड. तो दोन-तीन वर्षांचा झाला की विकायचा किंवा औताला जुंपायचा. बैल दहा-बारा वर्षांचा झाला की थकतो, पण पुढे आणखी सहा-आठ वर्षे जगू शकतो. त्याच्या वैरणीचा खर्च दिवसाला शंभर रुपये धरला, तरी वर्षाला ३६,५०० रुपये होतात. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाने हे पैसे कुठून आणायचे?

पूर्वी याचे उत्तर बाजारात होते. थकलेला बैल विकायचा, त्यात पदरचे थोडे घालायचे आणि तरुण खोंड घ्यायचा. विकणारा बहुतेक वेळा हिंदू शेतकरी, मध्ये माझ्या नानांसारखा हेडी, पुढे खाटीक, त्यापुढे कातडी कमावणारा आणि चपला शिवणारा. बैल विकताना शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचे, हे नाना नेहमी सांगत. त्या बाईमाणसांनी बैलाला ओवाळून, भाकरी भरवून मगच दावे सोडलेले त्यांनी पाहिले होते. तरीही दावे सोडावे लागायचे, कारण त्याशिवाय पुढचा खोंड येत नव्हता.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने हे सगळे ओळखले होते. गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल मात्र कामाला आणि पैदाशीला निरुपयोगी झाल्याचा दाखला मिळाला तर कापता येत होता. १९९५ मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीखाली आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या दिवसापासून म्हातारा बैल ही मालमत्ता राहिली नाही, तो कर्ज झाला. ज्या वस्तूची शेवटी काहीच किंमत येणार नाही, तिची सुरुवातीची किंमतही पडते. खोंडाचा भाव उतरला की खिल्लार गाय ठेवण्याचे कारणही जाते.

सगळा दोष या एका कायद्यावर टाकणे बरोबर नाही. ट्रॅक्टर आणि होल्स्टीन गाय यांनी देशी बैलाची जागा २०१५ च्या आधीच खाल्ली होती. पशुगणनेतली घटही कायद्याच्या आधीच्या वर्षांपासूनची आहे. बंगालमध्ये अटींसह कत्तलीला परवानगी आहे आणि तिथे याच काळात गुरे सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. पण तेवढ्यावरून सगळे सिद्ध होत नाही. मी एवढेच म्हणतो, की आधीच पडत असलेल्या घराचा उरलेला खांब आपण काढून घेतला आणि वर त्याला ‘संरक्षण’ म्हटले.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून लिंग-वर्गीकृत वीर्याला अनुदान मिळते, म्हणजे ज्यातून बहुतेक कालवडीच जन्माव्यात असे वीर्य. पोळ्याला बैलाची पूजा करायची आणि गोऱ्हा जन्मूच नये यासाठी अनुदान द्यायचे! नर जनावराला भविष्य नाही, याची याहून स्पष्ट कबुली कोणती? संकरित गाईच्या गोऱ्ह्याचे हाल तर विचारूच नका. औताला तो उन्हात टिकत नाही, विकता येत नाही. रात्री माळावर सोडून दिलेली अशी गोऱ्ही मी दर आठवड्याला पाहतो. भुकेने आणि रस्त्यावरच्या धडकेने येणारे मरण कोणत्या अर्थाने अहिंसक आहे?

जो युक्तिवाद शर्यतीला चालला

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. तेव्हा माणदेशापासून पुण्यापर्यंत शेतकरी म्हणाले, ‘शर्यत बंद झाली तर खिल्लार संपेल.’ जातीला उपयोग हवा, तरच ती टिकते, हेच त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर शर्यतीच्या खोंडांना पुन्हा भाव आला, हे बाजारात फिरणाऱ्या कोणालाही दिसते.

म्हणजे ‘उपयोगानेच जात टिकते’ हा युक्तिवाद महाराष्ट्राला पटतो. मग तो शर्यतीपाशीच का थांबतो? शर्यतीत धावतात शंभरातले दोन-चार. उरलेल्यांचे काय? ते औताला जाणार, आणि औतानंतर? हा प्रश्न विचारणारा शेतकरी हिंदू असो वा मुस्लिम, त्याला उत्तर मिळायला हवे.

न्यायालयांचा प्रवासही आपल्याला माहीत असावा. १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ईदला गाईचीच कुर्बानी देणे मुस्लिमांवर धर्माने बंधनकारक असल्याचे दिसत नाही. पण निरुपयोगी झालेल्या बैलांवरही सरसकट बंदी घालणे अवाजवी आहे. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने यातला दुसरा भाग बदलला. शेण आणि मूत्र देणारे जनावर कधीच निरुपयोगी नसते, असा त्यामागचा मुख्य विचार होता. कायदा म्हणून तो निकाल आपण मानतोच. पण शेणावर बैलाची वैरण निघत नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. पहिला भाग मात्र मला आजही महत्त्वाचा वाटतो. हा धर्माचा प्रश्न नाही. ज्याला परवानगी आहे ते कर्तव्य होत नाही. गोमांस न खाल्ल्याने कोणाचा ईमान कमी होत नाही. म्हणून धर्माच्या नावाने आपण हा वाद लढू नये. तो शेतीचा आणि रोजगाराचा प्रश्न म्हणूनच मांडावा.

आणि जिवाचाही. २०२३ च्या जून महिन्यात एकट्या नाशिक जिल्ह्यात गुरे किंवा मांस नेल्याच्या संशयावरून दोन माणसांचे जीव गेले. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने औतासाठी घेतलेली जोडी, बाजार समितीची पावती हातात असताना, रस्त्यात एका टोळक्याने अडवली. जोडी परत मिळायला त्याला तीन महिने लागले आणि पेरणी हुकली. तो मराठा होता, गाडीचा चालक मुस्लिम. मार चालकाने खाल्ला. आज आमच्या भागात जनावरे वाहून न्यायला गाडीवाला सहज तयार होत नाही, आणि ज्या बाजारात जायला गाडी मिळत नाही, त्या बाजारात भाव कसा येणार? कायदा अमलात आणणे हे पोलिसांचे काम आहे. रस्त्यावरच्या टोळीला तो अधिकार कोणी दिलेला नाही.

आपल्या बाजूचे काय

आता थोडे आपल्याकडे पाहू. जनावरांची वाहतूक जशी होते ती पाहून मान खाली जाते. एका टेम्पोत कोंबलेली, पाय मोडलेली, दिवसभर पाण्याविना उभी जनावरे. आपल्याला लहानपणी काय शिकवले जाते? सुरी आधीच धारदार करा आणि ती जनावराला दाखवू नका. एकासमोर दुसरे कापू नका. पाणी पाजा, त्याला घाबरवू नका. हे नियम फक्त शेवटच्या मिनिटापुरते आहेत का? जे जनावर तिथपर्यंत अर्धमेले होऊन पोचते, त्याच्या मांसावर ‘हलाल’ लिहून आपले समाधान होत असेल, तर आपण त्या नियमांचे शब्द पाळतो, अर्थ सोडून देतो. क्रूरतेवर बोलण्याचा अधिकार टोळ्यांना नाही, तो आपल्याला आहे. आणि तो आपण वापरत नाही.

दुसरे, परवान्याचे. गल्लीबोळात, गटाराच्या कडेला, नोंदणीशिवाय चालणारी दुकाने ही आपलीच दुबळी बाजू आहे. नगरपालिका आधुनिक कत्तलखाने बांधत नाहीत, हे खरे. पण ती मागणी घेऊन आपण किती वेळा मोर्चा काढला? कबरस्तानाच्या भिंतीसाठी निवेदने देतो, स्वच्छ कत्तलखान्यासाठी नाही.

मग मागायचे काय आणि करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली मागणी: गाईबद्दल बहुसंख्य समाजाच्या भावना आहेत, त्यांचा मान ठेवून १९७६ ची बैलापुरती तरतूद परत आणा. वय झालेला, कामाला निरुपयोगी बैल, सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, नोंदणीकृत कत्तलखाना. ही मागणी शेतकरी संघटनांबरोबर करावी, किंबहुना त्यांनी पुढे असावे आणि आपण त्यांच्या शेजारी उभे राहावे.

दुसरी: राज्याला हे मान्य नसेल, तर म्हाताऱ्या बैलाचा खर्च राज्याने उचलावा. गोशाळेतल्या गाईला रोज ५० रुपये मिळतात. ज्या शेतकऱ्याने तीच जात दहा वर्षे स्वतःच्या पैशाने सांभाळली, त्याच्या गोठ्यात ते का मिळू नयेत? बंदीची किंमत गरिबाच्या एकट्याच्या खिशातून जाऊ नये.

तिसरी: गायराने आणि माळराने वाचवा. गवत नसेल तर गवतावर वाढणाऱ्या जातीचे कौतुक कशाला? सरकारी कागदात माळरानाला ‘पडीक’ म्हणतात, म्हणून त्यावर कोणीही काहीही उभे करतो. धनगर, गवळी, ठाकर आणि छोटे शेतकरी यांचा हा सामाईक प्रश्न आहे.

चौथी गोष्ट मागायची नाही, करायची आहे. आजच्या कायद्यात म्हैसवर्गातल्या जनावरांना नियमांप्रमाणे परवानगी आहे. भारत वर्षाला दहा लाख टनांहून अधिक म्हशीचे मांस निर्यात करतो. तरीही म्हशीचे नर पारडू बहुतेक गोठ्यांत दूध न मिळता मरते. पंढरपुरी आणि मराठवाडी म्हशींची अशी पारडी गोळा करून माळावर, बांधावर, उसाच्या वाड्यावर दोन वर्षे वाढवणे हा कायदेशीर, परवडणारा आणि कमी क्रूर धंदा आहे. उस्मानाबादी शेळीचेही तसेच. आपल्यातल्या चार-पाच मुलांनी मिळून गट केला, प्रत्येक जनावराला कानात बिल्ला मारला, लसीकरणाची आणि खरेदी-विक्रीची नोंद ठेवली, तर उद्या त्यांच्याकडे दाखवायला कागद असेल आणि बोलायला अनुभव. ‘खाटीक’ या शब्दामागची लाज त्यातूनच जाईल.

मी आटपाडीच्या गोठ्यांत जातो तेव्हा म्हातारे शेतकरी खिल्लारच्या शिंगांवरून हात फिरवत सांगतात, ‘पोरं म्हणतात, विकून टाका.’ पण घेणार कोण? या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम एकट्या हिंदू शेतकऱ्याचे नाही आणि एकट्या मुस्लिम खाटकाचेही नाही. शंभर वर्षे ते दोघे एकाच बाजारात, एकाच उपरण्याखाली हात घालून हे उत्तर काढत आले. तो बाजार मोडला. त्याच्या जागी काय उभे करायचे, हे बोलायला आपण त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जायला हवे. पुढच्या रविवारी सांगोल्याचा बाजार आहे. तिथून सुरुवात करता येईल.